गच्चीवर संघमित्रा

वर्तमानपत्राचा पंखा. एक्स-रेची पिशवी. गच्चीवरून ठोकल्याचा आवाज. घणसोलीतल्या दवाखान्यात घामाघूम झालेल्या दोन अनोळखी बायका.

"एसी बंद ठेवून मारनार काय आमाला?"

"सर्व्हिसिंग चालूय, मावशी. गच्चीवरच्या मशीनची जाळी धुतली जातेय."

"तुला काय म्हायत?"

"माझी संघमित्रा आहे वर. आज पहिल्यांदाच एकटी."

"पोरगी? गच्चीवर?"

"मग! पोरगीच."

"आनि चालू नाय झाला तं?"

"तर शिव्या मला घाला. मी बसलेय ना इथं."

"अगो बाय, आली गो हवा!"

"कुबट वास येतोय का बघा."

"नाय गो. थंडगार. आमच्या मितेशला घरातला पंखा पुसता येत नाय."

"पाठवा तिच्याकडं."

संघमित्राच्या आईने त्या सकाळी डॉक्टरांकडे नंबर लावलाच नव्हता.