चित्रातल्या पोलक्याची पाठ

नारदाच्या या गादीला नमस्कार. तुम्हा सर्वांना नमस्कार. देव सगळं ऐकतो म्हणतात. तुम्ही किती ऐकता, ते आता कळेलच!

मंडळी, आज एकच प्रश्न घेऊन आले आहे. समजा, आरसा खोटं बोलला. तर पाप कुणाला लागायचं? आरशाला? छे, काच ती! बघणाऱ्याला? तो बिचारा भाबडेपणानं बघतोय. मग पुसणाऱ्याला? आरसा पुसून-पुसून, हवा तसा वाकवून समोर धरणाऱ्याला? नंदाकाकू मान हलवतायत. हलवा, पण घाई नको. मी पण घाई केली होती, चुकले.

ओवी माझीच आहे, वेडीवाकडी. एकच चरण आत्ता म्हणते, दुसरा मागून —

पुढुनी देखिले रूप साजिरे । मागे वळोनी कोण पाहे ॥

पेटीवाले, एवढा सूर धरून ठेवा. तर मागे वळून कोण बघतं? ऐका आख्यान!

फलटणच्या शिंपी आळीत शेवंताबाई पतंग्यांचं दुकान. दुकान म्हणजे काय? एक ओटा, एक पायमशीन, भिंतीला एक खिडकी. नवरा लवकर गेला. बाईनं आळीतल्या निम्म्या बायकांची पोलकी शिवली आणि एकुलती एक लेक शिकवली. लेकीचं नाव हेमांगी. आई म्हणायची हेमा.

ही हेमा मशीनखाली खेळत वाढली. चिंध्या हीच तिची खेळणी. आईचं एक बोलणं तिच्या कानात कायमचं बसलं होतं. गिऱ्हाईक म्हणायचं, "शेवंताबाई, घाई आहे, एवढं टाचून द्या, आत घालायचंय, कोण बघतंय?" त्यावर आई म्हणायची, "टाचणी ही पाहुणी, बाई. शिवण आली की तिनं उठायचं. टाचून दिलेलं माझ्या ओट्यावरून खाली उतरणार नाही."

बघा, बाणा आहे की नाही! आपल्याकडे संसार टाचलेले असतात, आणि इथं पोलकं टाचायला नकार!

हेमा मोठी झाली, चित्रकला शिकली, पुण्याला गेली. तिथं बायकांचं एक मासिक निघतं. नाव 'आरसपान'. गुळगुळीत कागद, दर महिन्याला नवी साडी, नवा दागिना. त्याचं मुखपृष्ठ सजवायचं काम हेमाकडे आलं.

आता मंडळी, हे मासिक तुम्ही बघता की नाही? दुसऱ्या रांगेत पदराखाली लपवलंय, ते मला इथून दिसतंय! लाजू नका. मला सांगा, एसटी स्टँडवर दोरीला चिमट्यांनी वीस अंक टांगलेले असतात. तुमचा हात त्यातल्या एकाकडेच का जातो?

हेमालाही हेच कुतूहल होतं. पहिलं वर्षभर ती सुट्टीच्या दिवशी स्टँडवर जाऊन उभी राहायची. अंक नाही बघायची, बघणाऱ्या बायका बघायची! आणि तिला एकेक उमगत गेलं.

मुखपृष्ठावरची पोरगी तुमच्या डोळ्यांत बघते. तुम्ही डावीकडे सरका, तिची नजर डावीकडे. उजवीकडे जा, तिची नजर मागे येते. तसबिरीतला देव बघतो, तशी! देवळात आपण थांबतो, तसंच स्टॉलवर थांबतो. दुसरं, तिचे ओठ जरा विलग असतात. का? आता काहीतरी बोलेल, असं वाटावं म्हणून. आणि बायकांच्या जातीला — पुरुषमंडळी, तुम्हीही काही कमी नाही हां — अर्धवट राहिलेलं बोलणं सोडवत नाही! तिसरं, अंक एकावर एक दाटून लावतात, डावी कडच तेवढी उघडी राहते. म्हणून सगळी आमिषं डाव्या कडेला. 'सात दिवसांत उजळ कांती'. सातच का? आठ का नाही? आठ म्हटलं की हिशेब वाटतो, सात म्हटलं की व्रत वाटतं!

आणि मासिकाचं नाव? त्यातलं एक अक्षर त्या पोरीच्या डोक्याआड लपलेलं. म्हणजे पोरगी कागदातून पुढे आली, तुमच्याकडे यायला निघाली, असा भास.

हे सगळं हेमाला येत होतं. गालावरचा तीळ पुसणं, कोपराचा काळेपणा पुसणं, सगळं. तिला त्यात पाप वाटत नव्हतं. वाटायचं, आपण रांगोळी काढतोय. रांगोळीला कोणी खोटी फुलं म्हणतं का?

पण चैत्राचा अंक आला, आणि मंडळी, इथं आख्यान वळतं.

चैत्राच्या मुखपृष्ठावर खणाचं पोलकं घ्यायचं ठरलं. पोपटी खण, त्यावर बारीक बुट्ट्यांच्या सरळ रांगा, कोपरापर्यंत बाही. पोलकं आलं मुंबईहून, मापानं मोठं. पोरगी आली शेवग्याच्या शेंगेएवढी! पोलकं अंगावर असं लोंबलं, की संपादिका शलाकाताईंनी कपाळाला हात लावला. "हेमांगी, दिवे लागलेत, फोटोग्राफर थांबलाय, काहीतरी कर ना गं!"

हेमा पुढे झाली. पोरीच्या मागे गेली. पाठीवरचा ढिला खण मुठीत गोळा केला, आणि कपडे वाळत घालायचे चिमटे लावले. एक, दोन, तीन... सहा. पुढून पोलकं अंगावर असं बसलं, जणू अंगाबरोबरच उगवलंय! सुरकुती म्हणून नाही.

"वा!" शलाकाताई म्हणाल्या. "आता मात्र हात हलवू नकोस गं बाई, नाहीतर चिमटे तडातडा उडतील!"

सगळे हसले. हेमाही हसली. ओट्यावरून टाचलेलं न उतरवणाऱ्या बाईची ती लेक. हसली.

अंक फलटणला पोचला. शेवंताबाई चौथीपर्यंत शिकलेल्या. आतला मजकूर वाचायच्या नाहीत, पण मुखपृष्ठ पुठ्ठ्यावर चिकटवून मशीनसमोर लावायच्या. "माझ्या हेमाचं पुस्तक!"

पाचव्या दिवशी शाळेतल्या जगदाळेबाई आल्या, हातात खण घेऊन. पुठ्ठ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "शेवंताबाई, शाळेला पन्नास वर्षं होतायत, समारंभ आहे. मला अगदी अस्सं हवं. एक सुरकुती चालायची नाही."

"लेकीच्या पुस्तकातलं आहे. का नाही होणार?" शेवंताबाई म्हणाल्या.

आणि मंडळी, होईना! पहिलं शिवलं, काखेत चुणी पडली. उसवलं. दुसऱ्यांदा शिवलं, पाठीला झोळ आला. झोळ काढला, तर श्वास घेता येईना. चाळीस वर्षं कापडावर हात फिरवलेली बाई, आणि एका चित्रापुढे हरली!

रविवारी हेमाचा फोन आला. इकडचं तिकडचं झालं. मग आईनं विचारलं, "हेमा, त्या चैत्राच्या पोलक्याचा मास्तर कोण गं?"

हेमाच्या घशाशी आलं, आई, मास्तर नाही, चिमटे आहेत. मीच लावले. सात शब्दांचं काम! पण डोळ्यांपुढे तो ओटा आला. टाचणी ही पाहुणी. आणि तोंडातून निघालं, "मुंबईचा आहे कुणीतरी, आई."

"असं होय," आई म्हणाली. "हात चांगलाय त्याचा."

पुढच्या रविवारी पुन्हा तेच. "हेमा, मास्तराचं नाव कळलं का गं?" "विसरले बघ विचारायला." वैशाख गेला, ज्येष्ठ गेला. प्रत्येक रविवारी तोच प्रश्न, आणि हेमाचं उत्तर दर वेळी एक बोट लांब! नाव माहीत नाही झालं, मास्तर गावाला गेला झालं, मास्तरानं काम सोडलं झालं. बघा, एक चिमटा झाकायला किती कापड लागतं!

आषाढात एकदा आई म्हणाली, "माझेच हात गेले बहुतेक, हेमा. मशीनचा पट्टा काढून ठेवलाय."

हेमानं फोन ठेवला. ठरवलं, राखीपौर्णिमेला सुट्टी आहे, फलटणला जायचं, समोर बसून सांगायचं. असली गोष्ट फोनवर सांगायची नसते.

मंडळी, शहाणी माणसं अशीच पुढची तारीख ठरवतात. राखीपौर्णिमेच्या चार दिवस आधी, दुपारी जेवून जरा आडव्या झाल्या, त्या शेवंताबाई उठल्याच नाहीत.

तबला थांबवा क्षणभर.

...

तेरावं झालं. पाहुणे पांगले. हेमानं दुकान उघडलं. तिला रडू येत नव्हतं. एकच गोष्ट आत अडकून राहिली होती. आई गेली ती आपल्याच हाताला दोष देत गेली, आणि तो दोष आपण तिच्या हाती दिला. बाकी मरण सगळ्यांनाच असतं. पण हे? हे कुणाला सांगायचं? कुठं फेडायचं?

तिनं मशीनसमोरचा पुठ्ठा काढला. तीच पोरगी, तेच विलग ओठ. पण चित्रावर पेन्सिलीच्या खुणा होत्या! काखेशी एक गोल. बुट्ट्यांच्या रांगांवरून बारीक रेघा ओढलेल्या, सगळ्या तिरक्या होत पाठीकडे पळणाऱ्या. हेमानं पुठ्ठा उलटला. मागच्या कोऱ्या बाजूला, मणक्याच्या ओळीत, एकाखाली एक फुल्या.

मोजल्या. सहा.

हेमा पुठ्ठा घेऊन ओट्यावर बसली.

तेवढ्यात दारात जगदाळेबाई. भेटायला आल्या होत्या. अंगावर तेच खणाचं पोलकं! हेमानं हातातला पुठ्ठा पुढे केला.

"हे होय?" बाई म्हणाल्या. "हे वैशाखातलं. दोनदा उसवल्यावर एक दिवस मला म्हणाल्या, 'बाई, ही बगलेची शिवण बघा, पार पाठीकडं गेलीय. बुट्टे तिरके पळतायत. खणाचे बुट्टे कधी आपणहून पळत नाहीत, त्यांना मागून कुणीतरी ओढलंय. हिच्या पाठीत चिमटे हायत, बाई!' आणि इतक्या हसल्या, इतक्या हसल्या! म्हणे, 'चिमटे लावणारीचा हात मात्र माझ्याच घरचा. ओढी मोजून बघा, सहा, सगळ्या सारख्या अंतरावर.'"

"तिला माहीत होतं?" हेमा म्हणाली. "मग मला दर रविवारी—"

"मी म्हटलं ना त्यांना! म्हटलं, शेवंताबाई, सरळ सांगा की पोरीला. तर म्हणाल्या, 'मी सांगितलं, तर आईनं खोड काढली असं होईल. तिनं सांगितलं, तर माझी लेक सांगेल. मी आपली विचारत राहते.'"

"आणि हात गेले म्हणाली ते? पट्टा काढला ते?"

"अगं, डोळ्यात मोतीबिंदू! डॉक्टरांनी दोन महिने सुई बंद केली होती. हात गेले म्हणे! तुला कळवळा यावा आणि तू बोलावंस, म्हणून म्हणाल्या असतील. नाटकी होत्या की, तुला काय मी सांगू?"

हेमा हसली. आणि मंडळी, हसता-हसता तेरा दिवस अडलेलं ते एकदम वाहून आलं. जगदाळेबाई शेजारी बसल्या. शाळेत पोरं रडतात, तेव्हा थांबायचं किती, हे त्यांना माहीत होतं.

मग हेमानं डोळे पुसले आणि त्यांच्या पोलक्याकडे नीट पाहिलं. काखेत एक चुणी होती. बारीक, पण होती.

"बाई, तुम्हाला सुरकुती नको होती ना?"

जगदाळेबाई उभ्या राहिल्या. उजवा हात सरळ वर केला, दाराच्या चौकटीला टेकवला. चुणी उलगडली, पोलकं अंगाबरोबर वर गेलं, कुठं ओढ नाही, कुठं ताण नाही. "रोज सकाळी फळ्याच्या वरच्या कडेला सुविचार लिहिते मी. तुझी आई म्हणाली, 'ती चुणी राहू द्या, बाई. चित्रातल्या पोरीला हात वर करायचा नसतो. तुम्हाला फळा आहे.'"

हेमानं हात लावला त्या चुणीला. आत शिवण होती. बारीक, सरळ, दुहेरी.

मंडळी, मला विचाराल, पुढं हेमानं नोकरी सोडली का? नाही सोडली. मुखपृष्ठं अजून तीच सजवते, अजून पोरगी तुमच्या डोळ्यांतच बघते, आणि तुम्ही अजून थांबता! पण त्या दिवशी जगदाळेबाई गेल्यावर तिनं मशीनला पट्टा चढवला. पायाखाली चाक फिरवलं. रविवार होता. आणि त्या रिकाम्या खोलीत, मशीनच्या खडखडाटात, ती मोठ्यानं म्हणाली —

"मीच गं, आई. मास्तर मीच."

आता तुमच्याकडे वळते. सुरुवातीचा प्रश्न आठवा. आरसा खोटं बोलला, तर पाप कुणाचं? चित्राच्या खोटेपणाची मला एवढी भीती नाही, मंडळी. शिवणीवर ज्याचा हात बसलाय, तो बुट्टे बघून ओळखतो. तुम्हीही ओळखा. अंक हातात घ्याल तेव्हा विचारा, हिच्या पाठीत काय आहे? मजा येईल! पण घरातल्या माणसाला पुढून एक दाखवायचं आणि मागे चिमटा धरून उभं राहायचं, याची मात्र भीती वाटते. ते माणूस बहुतेक वेळा ओळखून गप्प बसलेलं असतं. ते फक्त विचारत राहतं. "जेवलीस का? कोण होतं गं बरोबर? मास्तर कोण?"

तुम्हाला या आठवड्यात कुणी काय विचारलंय, आठवा. आणि तुम्ही काय उत्तर दिलंत, तेही.

ओवीचा दुसरा चरण राहिलाय. म्हणते, आणि गादी सोडते —

एक माउली पाहे, पाहुनीही हासे । लेकीच्या बोलाची वाट पाहे ॥

आरतीला उभे राहा. आणि प्रसाद घेऊन निघालात, की आधी घरी फोन लावा. राखीपौर्णिमेची वाट बघू नका.