बारावा प्रश्न

‘‘तिला कशाला विचारायचं? ती असली काय नि नसली काय, सारखंच!’’

हे, तुम्हाला सांगते, माझ्याबद्दल होतं. बोलल्या आमच्या सासूबाई, आणि ऐकलं मी, स्वयंपाकघराच्या दाराआड, हातात चार कपांचा ट्रे घेऊन... म्हणजे मुद्दाम कान देऊन ऐकलं असं नाही हं, दार पायाने ढकलायचं म्हणून एका पायावर उभी होते, आणि एका पायावर उभ्या असलेल्या माणसाने कान कशाने झाकायचे, सांगा बरं? त्या चिडून बोलल्या असत्या तर एक वेळ चाललं असतं, चिडलेल्या माणसाला उलट बोलता तरी येतं. पण त्या बोलल्या अगदी सहज, ‘साखर संपलीय’ म्हणावं तशा! आणि मी आत गेले तर काय म्हणतात? ‘‘आलीस? बिस्किटं नाही आणलीस?’’

म्हणजे विचारलं की नाही मला? विचारलं! बिस्किटांचं विचारलं.

आता आमचं घर कसं, ते ऐका. सासरे पाळक, चर्चमध्ये उपदेश करतात. सासूबाई गायकवृंदात, पहिल्या रांगेत, आणि वरचा सूर त्यांच्याशिवाय दुसऱ्या कुणी लावलेला त्यांना खपत नाही. नणंद, म्हणजे सगळ्यांची ताई, रविवारशाळेतल्या मुलांना सांभाळते. आणि नवरा ऑर्गन वाजवतो. म्हणजे रविवारी सकाळी आमचं अख्खं घर चर्चच्या पुढच्या टोकाला, आणि मी बाकावर. मागून तिसऱ्या. खांबाआड! तिथून सासरे मला पूर्ण दिसतच नाहीत, नुसता डावा हात दिसतो. लग्नाला आठ महिने झाले, तो हात मला तोंडपाठ झालाय: बोट वर गेलं की मुद्दा, मूठ वळली की पाप, तळवा उघडला की चला, संपत आलं, चपला शोधा. आणि शब्द? मागचा स्पीकर बंद आहे हो! मी लग्न होऊन आले त्याच्या आधीपासून बंद आहे. पण आमच्या घरातलं कुणी वीस वर्षांत मागे बसलेलंच नाही, तर कळणार कुणाला? सासरे घरी येऊन हात धुता धुता म्हणतात, ‘‘आज मागची माणसं किती शांत होती! अगदी भारावून गेली होती.’’

मी म्हणणार होते... पण मला कशाला विचारायचं!

माहेरीही आम्ही चर्चवालेच, पण बाबा टेलिफोन दुरुस्त करणारे, चर्चमध्ये आम्हाला कुणी काडीचं काम दिलं नाही, आणि काय सुख होतं त्यात! एका बाकावर चौघं, चिकटून. आईच्या पर्समध्ये खोकल्याच्या गोळ्या, भावाचं कोपर माझ्या बरगडीत, आणि उपदेशाच्या मध्यावर बाबांचं डोकं माझ्या खांद्यावर, वजन केवढं ते! तेव्हा मी वैतागायचे. कपाळ माझं.

आणि इथे? इथे दारावर एक काका उभे असतात, पोस्टातून निवृत्त झालेले, नव्या माणसांना ओळखपत्रिका भरायला देतात. मला दर रविवारी देतात! ‘‘पहिल्यांदाच आलात ना? स्वागत, स्वागत!’’ मी म्हटलं, ‘‘काका, मी पाळकसाहेबांची सून.’’ तर म्हणाले, ‘‘अरे वा! त्यांची सूनही इथेच येते, थांबा, ओळख करून देतो.’’ आणि माणूस खरंच इकडे तिकडे बघत शोधायला लागला हो मला!

तर गेल्या महिन्यात सासऱ्यांच्या मनात आलं की नव्या लोकांसाठी एक पत्रक छापावं. ‘ख्रिस्ती विश्वास आणि उपासना: नेहमी विचारले जाणारे प्रश्न.’ प्रश्न बारा. बाराच का? तर प्रेषित बारा होते म्हणून. झालं! दर गुरुवारी संध्याकाळी जेवणाच्या टेबलाभोवती समिती बसायला लागली. समिती म्हणजे घरचेच चौघं. पाचवा कप माझा, पण तो मी ओट्यापाशी प्यायचा, कारण पाचव्या खुर्चीवर बायबलं, शब्दकोश आणि नवऱ्याच्या वह्या.

आणि प्रश्न कसले? सासरे म्हणाले, ‘‘पहिला: त्रैक्य म्हणजे काय? दुसरा: तारण कृपेने की कर्माने?’’ ताई म्हणाली, ‘‘बाबा, देवाने सूर्य चौथ्या दिवशी केला, तर पहिले तीन दिवस उजेड कुठून आला, हे घ्याच, मुलं मला जगू देत नाहीत.’’ सासूबाई म्हणाल्या, ‘‘गीत वरच्या पट्टीत का गावं?’’ नवरा म्हणाला, ‘‘आई, हे कोण विचारतं?’’ ‘‘विचारत नाहीत हेच तर दुखणं आहे!’’ आणि स्वतः त्याने काय सुचवलं? ‘आपला ऑर्गन किती जुना आहे?’ घ्या!

तेव्हाच ताई म्हणाली होती, ‘‘वहिनीलाही विचारू या का?’’ आणि पुढचं तुम्हाला मी सुरुवातीलाच सांगितलं.

आता गंमत बघा. अख्ख्या चर्चमध्ये खरेखुरे प्रश्न कुणाला विचारतात? मला! मागून तिसरा बाक म्हणजे नव्या, उशिरा आलेल्या आणि पटकन पळायचं असलेल्या माणसांचा बाक. एकट्या बसलेल्या बाईला विचारायला कुणी लाजत नाही. रात्रपाळी करून आलेली एक नर्स, डोळे तांबारलेले, हळूच म्हणाली, ‘‘डुलकी लागली तर पाप लागतं का हो?’’ मी म्हटलं, ‘‘नाही. फक्त घोरू नका, माझे सासरे थांबून बघतात.’’ इलेक्ट्रिशियन आला कामाच्या बुटांत, बूट बाकाखाली लपवत म्हणाला, ‘‘कधी उठायचं नि कधी बसायचं, हे लोकांना कळतं कसं?’’ मी म्हटलं, ‘‘कळत नाही, पुढच्याकडे बघून उठतात. तुम्ही माझ्याकडे बघा.’’ आणि त्या दिवशी मीच चुकीच्या वेळी उठले, आम्ही दोघंच उभे! एकीने विचारलं, ‘‘मध्येच रडू आलं तर बाहेर जावं लागतं का?’’ मी रुमाल दिला. हे काय उत्तर झालं का? पण पुरलं तिला.

एकदा एक म्हातारे गृहस्थ, गीताचं पुस्तक उलटं धरलेलं, म्हणाले, ‘‘बायको गेली माझी. परत भेटते म्हणतात ना तुमच्यात?’’ मी म्हटलं, ‘‘शास्त्रात तसं वचन आहे.’’ ‘‘शास्त्राचं नाही विचारलं, तुमचं विचारलं.’’ आता आली का पंचाईत! मी म्हटलं, ‘‘आजोबा, माझी आजी गेली तेव्हापासून मी ते घट्ट धरून बसलेय. एखाद्या दिवशी हात दुखतो.’’ त्यांनी हातातलं पुस्तक सुलटं केलं.

आणि प्रभुभोजनाच्या रविवारी, म्हणजे पुढे जाऊन भाकर नि द्राक्षरस घ्यायचा त्या दिवशी, शेजारची मुलगी घाबरून म्हणाली, ‘‘माझा बाप्तिस्मा झालेला नाही, सगळे उठून पुढे गेले की मी एकटीच दिसणार.’’ मी म्हटलं, ‘‘तुला ते घेता यायचं नाही, पण बसता येतं की! मीही बसते.’’ बसलो दोघी. घरी आल्यावर काय? सासूबाई दारातच! ‘‘आज पुढे आली नाहीस ती? सगळे बघत होते. मनात काही पाप आहे का?’’ आठ महिन्यांत पहिल्यांदा मी त्यांना तिथून दिसले, तेही न उठल्यामुळे! नवऱ्याला विचारलं, ‘‘तू पाहिलंस का?’’ तर म्हणाला, ‘‘अगं, मी वाजवत होतो.’’

वाईट नाहीत हो माणसं. कुणी कधी वेडावाकडा शब्द बोललं नाही मला. बुधवारी गायनाचा सराव, शुक्रवारी रविवारशाळेची तयारी, शनिवारी ऑर्गन. सगळे मला ‘दार लावून घे’ म्हणून प्रेमाने सांगून जातात. मी लावून घेते. मग घड्याळ आणि मी, आणि घड्याळ तरी तासातासाला बोलतं. एकदा नवऱ्याबरोबर सरावाला गेले, रिकाम्या चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसले, म्हटलं आज तरी हा पूर्ण दिसेल. तर म्हणतो, ‘‘बस, पण बोलू नकोस हं, ताल चुकतो माझा.’’ मी! बोलू नको!

तर परवाचा गुरुवार. पत्रक छापायला जायचं, आणि प्रश्न अकराच. सासरे पेन आपटत म्हणाले, ‘‘अकरा कसे चालतील? अकराच का, असं कुणी विचारलं तर यहूदाने दगा दिला नि अकराच प्रेषित उरले, ती गोष्ट सांगत बसायचं का?’’ सासूबाईंनी पुन्हा वरची पट्टी काढली. ताई म्हणाली, ‘‘उजेडाचे दोन करा.’’ नवरा छताकडे बघत होता. मी ट्रे घेऊन उभी. आणि काय झालं कुणास ठाऊक, ट्रे खाली ठेवला, शब्दकोश उचलून जमिनीवर ठेवला, त्यावर बायबलं, त्यावर वह्या, आणि पाचव्या खुर्चीवर बसले. चौघंही माझ्याकडे बघायला लागले. सासूबाई म्हणाल्या, ‘‘काय गं, चक्कर येतेय का?’’

मी म्हटलं, ‘‘नाही आई. बाबा, बारावा प्रश्न लिहून घ्या. सगळ्यात जास्त विचारतात तोच राहिलाय तुमचा.’’ सासऱ्यांनी खरंच पेन उघडलं.

‘‘लिहा. ‘तुमच्या शेजारी कुणी बसलंय का?’ आणि खाली उत्तर, दर रविवारी देते तेच घाला: ‘नाही हो, बसा बिनधास्त, माझ्या घरचे सगळे पुढे कामावर आहेत.’ ’’