ठमीच्या गप्पा

नाही हो सिस्टर, लघवीची पिशवी मी जमिनीवर ठेवत नाही. आत्ता बेल वाजली म्हणून गडबडीत टेकली – एरवी खाटेच्या दांडीलाच अडकवते, कमरेच्या खाली, तुम्ही दाखवलीत तशी. नळीला पीळ पडू देत नाही. हात धुते, आधीही आणि नंतरही. पाणी पाजते – पाजते म्हणजे काय, मागे लागते. आमच्या सासूबाई पाणी कशा पितात माहितीये? एक घोट, आणि मग पेल्याकडे अशा बघतात, जसा काही मी तो विसळलाच नाही. चला, बाहेरच्या खोलीत बोलू, त्यांचा आत्ताच डोळा लागलाय. बसा ना. मी उभीच बरी. मला आज एका जागी बसवतच नाहीये.

गढूळ आहे, हो. बघितली मी. वासही येतोय, मला काय नाक नाही? ताप सकाळी थोडा होता. थोडा म्हणजे – आत्ताही आहे. मघाशी हुडहुडी भरली, दोन पांघरुणं घातली तरी दात वाजत होते. मग तुम्हाला फोन केला. लवकर करायला हवा होता, कळतंय मला. हे टेबल बघा, कितीही पुसा, डाग जातच नाही.

गोळ्या? चालू आहेत की. सकाळी एक, संध्याकाळी एक, खाल्ल्यावर. डॉक्टरांनी बजावलं होतं – कमरेच्या ऑपरेशननंतर लघवी अडली म्हणून नळी घातली, आता जंतू झालेत, बरं वाटलं तरी गोळ्या मध्येच सोडायच्या नाहीत. आणि म्हणाले, बडबडतील, माणसं ओळखणार नाहीत, घाबरू नका, म्हातारपणी या जंतूंनी असं होतं, जाईल ते औषधाने. आमच्या ह्यांचा विश्वासच नाही. त्यांच्या मते आईचं डोकं गेलं. दारातूनच ‘आई, बरी आहेस ना’ म्हणतात आणि कामावर पळतात. आत नाही येत. आत मी असते.

बडबडतात ना. मला ठमी म्हणतात. ठमी कोण? त्यांची धाकटी बहीण. मी पाहिलेलीसुद्धा नाही, माझ्या लग्नाआधीच गेली ती. आता बघा, एवढी वर्षं मी या घरात, मला नावाने हाक नाही. ‘अगं’ म्हणायचं, तेही भिंतीकडे बघत. भांडण नाही, शिवीगाळ नाही, तसल्या नाहीतच त्या. नुसतं ‘अगं’. आणि गेल्या आठवड्यात मी नळीभोवती पुसत होते तर माझा हात धरला. म्हटलं, झालं, दुखलं वाटतं. तर म्हणतात, ठमे, किती गार पडलेत गं हात तुझे, घाल माझ्या पांघरुणात. मी घातले. काय करणार होते? तशीच बसून राहिले, पातेल्यातलं दूध सगळं उतू गेलं.

मग बोलत सुटल्या. नदीवरचं काय, शाळेतलं काय. मग माझ्यावर आल्या. हसू नका हं – म्हणाल्या, माझी सून पुसते ना ठमे, तेव्हा दुखत नाही. ती नर्स येते, ती खसाखसा पुसते, भांडं घासल्यासारखी. मनावर घेऊ नका सिस्टर, तापात बोलल्या त्या. पण सुनेला सांगू नकोस, म्हणाल्या, शेफारेल. आणि म्हणाल्या, मला तिच्याकडे बघवत नाही गं. मी कधी कुणाकडून पाण्याचा तांब्यासुद्धा घेतला नाही, आणि ती माझी घाण काढते. लग्नात मी तिला – असं म्हणाल्या, आणि झोपल्या. लग्नात मी तिला काय? सांगा ना, काय असेल? मी रात्रभर तेच. चांगलं असेल की वाईट?

तुम्ही फोन कुणाला लावताय? डॉक्टरांना? लावा. लावायलाच हवा. काय सांगणार त्यांना? – औषध लागू पडत नाही, बदलून द्या, असं? म्हणजे याहून जोराचं देतील? त्यांच्या मूत्रपिंडाला झेपेल का ते? नाही, तुम्ही म्हणालात ना मागे, जपून द्यावं लागतं – थांबा. सिस्टर, ठेवा तो फोन. ठेवा जरा.

औषध लागू पडलं होतं.

चांगलं लागू पडलं होतं. ताप उतरला, लघवी स्वच्छ झाली, आणि सकाळी उठून म्हणाल्या, अगं, चहात साखर कुणी ओतली एवढी? भिंतीकडे बघत. ठमी गेली. मला आनंद व्हायला हवा होता ना? मी कप घेऊन स्वयंपाकघरात आले आणि मला रडूच आलं. त्या संध्याकाळी गोळी द्यायची राहिली. खरंच राहिली, शपथ घेते. मग दुसऱ्या दिवशीची – ती नाही राहिली. ती मी दिली नाही. म्हटलं, एकच दिवस. मग आणखी एक. तेवढं वाक्य पुरं होऊ दे. हे घ्या पाकीट. बघा, अर्धं भरलेलं आहे. ठमी आली परत, हो, आली, पण त्या आता नुसत्या कण्हतात, बोलतात कुठे काय?

लावा आता फोन. खरं काय ते सांगा.

काय म्हणाले? आत्ता लगेच एक गोळी, आणि गाडी बोलवून दवाखान्यात न्यायचं, सुईतून औषध देतील. बरं. वाचतील ना? वाचतील ना, एवढंच विचारतेय. ह्यांना मी सांगेन. तुम्ही नका सांगू, माझ्या तोंडूनच कळू दे.

ऐकलंत? ठमे म्हणून हाक मारतायत. नाही, गोळी माझ्याकडे द्या, तुमच्या हातून घेणार नाहीत, तोंड घट्ट मिटून घेतात. पाण्याचा पेला घेते. तुम्ही गाडीचं बघा. आणि दार ओढून घ्या, सिस्टर, आत येऊ नका.

आले गं, ताई. आले. तोंड उघड बघू.