कात्रज चौकातली नणंद

मला खुशाल जळकी म्हणा, पण आधी ऐकून घ्या. माझी नणंद नीलम सावळी. तिला बघायला मुलाकडचे यायचे असले की सासूबाई मला बजावायच्या, "तू आतच थांब गं. तू शेजारी आलीस की ती आणखी काळी दिसते." मीही खुशीत आत पोहे परतत बसायचे. या घरात माझं कौतुक तेवढंच व्हायचं!

परवा आम्ही दोघी लक्ष्मी रोडला साडी घ्यायला गेलो, तर दुकानाचे मालक नीलमकडे बघून म्हणाले, "आमच्या जाहिरातीत फोटो द्याल? हल्ली सावळ्या चेहऱ्यांची फॅशन आहे." मला कुणी विचारलंसुद्धा नाही. फोटोच्या दिवशी मी तिच्यापेक्षा जास्त नटून गेले. फोटोवाला म्हणाला, "ताई, जरा बाजूला होता का? फोटोत येताय." मग मी तिची पर्स सांभाळत उभी राहिले.

शेवटी कात्रज चौकात तो मोठा फलक लागला. आम्ही सगळे बघायला गेलो. साडी तीच, हसू नीलमचंच, पण चेहरा गोरापान! सासूबाई हरखल्या, "अगंबाई, काय उजळ आलीय!"

नीलम वर बघत राहिली. मग मला हळूच म्हणाली, "वहिनी, ही मी नाहीच गं. रंग तर तुझा लावलाय."

आता सांगा, जळू नको तर काय करू? पोह्यांच्या वेळी मी नको, फोटोच्या वेळी मी नको, आणि रंग मात्र माझाच हवा!