म्यूट केलेली कुस्ती

अरे, जर्मनीत ब्राउनश्वाइगला शिकत होतो तेव्हाची गोष्ट. माझा रूममेट मंदार जुन्या बाजारातून एक व्हिडिओ कॅसेट घेऊन आला. नव्वदच्या दशकातलं मोठ्यांचं कार्टून, ज्यात टीव्हीवरचा खराखुरा पहिलवान येऊन कार्टूनमधल्या पोस्टमनला उचलून आपटतो! लहानपणी आम्ही दोघांनीही ते आपापल्या घरी आवाज बंद करूनच पाहिलेलं, कारण आत आई. डायलॉग मनाचेच, मराठीत.

आता पहिल्यांदाच आवाजासकट बघितलं, तेही जर्मनमध्ये. दहा मिनिटांत मंदार म्हणाला, "छ्या! आपलेच डायलॉग भारी होते."

त्यात रविवार, म्हणजे बिल्डिंगमध्ये दिवसभर शांतता पाळायची. आमच्या नावावर आधीच दोन तक्रारी. तिसरी झाली की खोली गेली. म्हणून टीव्ही म्यूट केला आणि आपलेच डायलॉग ठोकत झालो सुरू. मी पहिलवान, मंदार पोस्टमन.

दारावर टकटक. खालच्या मजल्यावरच्या आजी! मी ऐटीत टीव्ही दाखवला. "बघा, आवाज पूर्ण बंद आहे."

आजींनी टीव्हीकडे पाहिलं, मग सोफ्यावरून उलटा लोंबकळणाऱ्या मंदारकडे.

"गेनाऊ, अगदी बरोबर," त्या म्हणाल्या, "आता तुम्हा दोघांचं बटण कुठंय, तेवढं दाखवा."