व्याजापर्यंत

बसच्या रांगेत माझ्यापुढे उतारवयाचे नवराबायको उभे होते. प्रवासाला तो निघाला होता, पण बॅग तिने घट्ट धरून ठेवली होती.

"अजूनही येत नाही म्हणून कळवता येईल."

"का म्हणून? सुट्टीतला वर्ग प्राध्यापकांसाठीच आहे ना? तुम्ही प्राध्यापकच आहात."

"अगं, सगळी तरुण मंडळी असतील तिथे. आर्थिक विचारांचा इतिहास शिकायला आलेला मीच इतिहासातला वाटेन."

"वाटा की. तुम्हाला बाकावर बसून ऐकायचंय, शिकवायचं नाहीये."

"तेच तर जमत नाही."

"मला सांगताय? लग्न झाल्यापासून उद्याचं लेक्चर आदल्या दिवशी माझ्यापुढे म्हणून बघता. तेही स्वयंपाकघरात, माझ्या वाटेत उभे राहून."

"तू कुठे ऐकतेस? तुझं सगळं लक्ष गॅसवर."

"ऐकते तर. तुम्ही जमिनीच्या खंडावर आलात की आधण येतं. मजुरीला पोचलात की मी आच मंद करते. नफा सुरू झाला की भात झाला."

"आणि व्याज?"

"व्याजापर्यंत तुम्हाला कधी पोचूच दिलं नाही. तोवर पानं वाढलेली असतात."

"मग आता महिनाभर भात कसा करशील?"

"करपवीन. बस लागली, चढा."

"बॅग सोडलीस तर चढेन."

"सोडते. संध्याकाळी फोन करा. भात मी आधीच उरकून ठेवीन. तुम्ही व्याजाचं सांगा."