स्टोअरवाला जावई

आता रिटायर झालोय म्हणून तुम्हाला सांगतो, सासऱ्यांना अजून सांगितलेलं न्हाई. मी पॅरा कमांडो होतो. आमच्यात काम काय करतो ते घरीसुद्धा बोलायचं नसतं. त्यामुळं पाबळला मुलगी बघायला गेलो तवा तिच्या वडिलांनी विचारलं, "फौजेत काय करता पाव्हणं?"

"स्टोअरला असतो, मामा. पोती लावायची."

"म्हंजी बंदूक न्हाई?"

"न्हाई."

मामांचं तोंड उतरलं. पण मुलगीच म्हणाली, "बरं हाय की आबा, जिवाला घोर न्हाई."

लग्न झालं. तवापास्नं दर सुट्टीला मामा मला चाळीत कांदा रचायला घालायचे. "तुम्हाला सवय हाय," म्हणायचे.

एकदा खांद्याला गोळी लागून आलो. पोतं पडलं, असं सांगितलं.

मामा म्हणाले, "बघून उचलावं."

परवा माझी मेडलं फ्रेम करून भिंतीला लावली. मामा जवळ जाऊन बघायला लागले.

"स्टोअरवाल्यांना बी मेडल देत्यात व्हय?"

"देत्यात की, मामा."

"मग तुम्ही रचलेला आपला कांदा सडतो कसा?"